पाठीतलं पांढरं

दवाखान्याच्या तळघरात, जिना उतरून डावीकडे वळलं की जाड दाराची एक खोली होती. त्या खोलीतली बाई वर्षानुवर्षं माणसांच्या पाठी आतून बघत आली होती. एमआरआयचं मशीन चालवणं हे तिचं काम. पेशंट तिला कधी सिस्टर म्हणत, कधी मॅडम. दवाखान्यातले सगळे मात्र तिला मशीनबाई म्हणत आणि तिला ते चालायचं. गुडघे यायचे, खांदे यायचे, डोकीही यायची, पण निम्म्याहून जास्त पाठीच. मशीनमधून बाहेर सरकला की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय दिसलं हो?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." हे म्हणताना चेहरा इतका कोरा ठेवायची सवय तिने लावून घेतली होती की पेशंट शेवटी मोजे शोधायला लागायचा.

तिचा नवरा फरशी बसवायचं काम करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. रागावली की तीसुद्धा "अहो" सोडून "मिस्त्री" म्हणायची. माणूस कामात पक्का. गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून तो फरशीवर नजर फिरवायचा आणि लेव्हल लावायच्या आधीच सांगायचा, "या कोपऱ्यात पोट आलंय." लेव्हल लावली की खरंच आलेलं असायचं. तीस वर्षं त्याने पोती उचलली, खोकी उचलली, लोकांच्या न्हाणीघरांत ओणवा राहिला, आणि घरी येऊन जेवताना सांगायचा की आज एका ठिकाणी इतकी वाकडी भिंत भेटली की तिला बघून मलाच चक्कर आली.

मग त्याची पाठ गेली. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरला आणि मधली नस चेंगरायला लागली. डाव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत नुसती आग. झोपता येईना, बसता येईना. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोपरं टेकून तो उभ्याउभ्याच डुलक्या काढायचा. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, इंजेक्शनं झाली. शेवटी ऑपरेशनवर येऊन गाडी थांबली.

ऑपरेशन करणार होते ते दवाखान्यातले मोठे डॉक्टर, तिच्या ओळखीचे. त्यांनी दोघांना बोलावून सरळ सांगितलं.

"हे दोन पद्धतींनी करता येतं. मी करतो ती उघडून. एवढी वीतभर चीर घ्यायची, स्नायू हाडावरून सोडवून दोन बाजूंना ओढून धरायचे, मणका मागे आणायचा, चार स्क्रू घालायचे. हल्ली काही जण नळीतून करतात. चार छोटी भोकं पाडतात, स्नायूंच्या मधून वाट काढतात, कापाकापी कमी. शेजारच्या शहरात एकजण करतो. माझा हात उघडून करण्यावर बसलाय. तुम्ही ठरवा."

मिस्त्री खुर्चीच्या पाठीला धरून उभाच होता. घामाने त्याचा शर्ट चिकटला होता. तो म्हणाला, "ती म्हणेल तसं. तिला यातलं कळतं."

तिने फार विचार केला नाही. तिचा सगळा जन्म बघण्यात गेला होता. चित्र धूसर आलं तर ती पेशंटला पुन्हा आत घालायची, तो कितीही कुरकुरला तरी. "उघडूनच करा डॉक्टर," ती म्हणाली. "भोकातून काय दिसणार? नीट दिसलं पाहिजे."

ऑपरेशन साडेचार तास चाललं आणि छान झालं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री डाव्या पायाला हात लावून बघत होता, दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखा. आग गेली होती. तो रडला, मग रडल्याची लाज वाटून हसला. "दाराला तीन बिजागऱ्या असतात," तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "मला चार स्क्रू आहेत. आता मी काही निखळत नाही."

सहा महिने खरोखर बरे गेले. नंतर जे सुरू झालं ते कधी सुरू झालं हे कुणालाच नीट सांगता येणार नाही, कारण दुखत काहीच नव्हतं. सकाळी तो सुतासारखा सरळ उठायचा. दहाच्या सुमारास खांदे पुढे यायचे. बारा वाजेपर्यंत कमरेतून पुढे झुकायचा, आणि तीन वाजता रस्त्याने चालताना त्याची नजर आपल्याच चपलांवर असायची. एक हात मांडीवर टेकवून, दुसऱ्याने भिंत, कठडा, जे मिळेल ते धरत तो घरी यायचा. आडवा पडला की तासाभरात पुन्हा सरळ. पुन्हा उभा राहिला की पुन्हा तेच.

"दुखतंय का?" ती विचारायची.

"दुखत नाही गं. आतून कुणी धरतच नाही."

हे काय बोलणं झालं, असं तिला वाटायचं. तपासणीला नेलं तेव्हा एक्स-रे काढला. स्क्रू जागच्या जागी, हाड मस्त जुळलेलं. मोठे डॉक्टर खूश झाले. "ऑपरेशन उत्तम आहे. चाला, व्यायाम करा, पोट कमी करा." वर्षभरात ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले.

ऑपरेशन उत्तम होतं, तेव्हा दोष उरला माणसात. मशीनबाई त्याच्या मागे हात धुऊन लागली. "सरळ उभे राहा ना!" दिवसातून वीस वेळा. रस्त्यात, लिफ्टमध्ये, मुलीच्या नव्या घरी सगळ्यांचा फोटो काढताना. ती त्याच्या पाठीत दोन बोटं रुतवायची आणि तो श्वास धरून ताठ व्हायचा. फोटो निघेपर्यंत टिकायचा आणि मग हळूहळू मिटायचा. मुलगीही म्हणायची, "बाबा, तुम्ही मनावरच घेत नाही." एकदा जावयासमोर ती बोलून गेली, "आळस अंगात मुरलाय यांच्या. काम सुटलं ना, तेव्हापासून." मिस्त्री ताट उचलून आत गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

काम सुटलंच होतं. फरशीवर ओणवं बसणं त्याला अजूनही जमायचं, पण उठून पुन्हा उभं राहणं जमेना. दर तासाला अंग टाकणाऱ्या मिस्त्रीला कोण बोलावणार? रस्त्यातून जाताना लोक थांबून विचारायचे, "काय पडलंय का काका?" पहिल्यांदा तो ओशाळला. नंतर सांगायला लागला, "हो, किल्ली." मग तो भला माणूसही त्याच्याबरोबर वाकून शोधायचा, आणि मिस्त्रीला तेवढीच विश्रांती मिळायची. हे त्याने घरी हसत सांगितलं होतं. ती तेव्हा हसली होती.

अशी सहा वर्षं गेली. मग दवाखान्यात नव्या डॉक्टर आल्या. पस्तिशीच्या, कापलेल्या केसांच्या, बोलायला रोखठोक. त्या नळीतून पाठीची ऑपरेशनं करत, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी आठवड्यातच त्यांना नळीवाल्या डॉक्टर करून टाकलं. त्यांचे पेशंट दुसऱ्या दिवशी चालायचे. मशीनबाईने मनाशी ठरवलं, एकदा यांना दाखवू. डॉक्टर म्हणाल्या, आधी एमआरआय काढा.

दुसऱ्या पाळीची बाई म्हणाली होती, "मी घेते, घरचं माणूस आहे." पण मशीनबाई ऐकायला तयार नव्हती. तिने स्वतः मिस्त्रीच्या खिशातली नाणी काढली, पट्टा काढला, गुडघ्यांखाली उशी सरकवली आणि काचेपलीकडे येऊन बसली.

"हलू नका हं," ती माइकमध्ये म्हणाली.

"हललो तर काय होईल?"

"चित्र हलेल."

"हलू दे की. घरात कुणीतरी हललेलं बरं."

मशीन ठोकायला लागलं. पडद्यावर एकेक चित्र उमटू लागलं. आधी उभी चित्रं: मणके एकावर एक, मध्ये स्क्रूंच्या जागी काळे डाग, धातूमुळे नेहमी येतात तसे. नस मोकळी. तिला हायसं वाटलं. मग आडवी चित्रं आली, पाठीचे आडवे काप केल्यासारखी.

मणक्याच्या मागे दोन्ही बाजूंना स्नायू असतात. या चित्रांत ते गडद, भरीव दिसतात आणि चरबी पांढरी दिसते. एकोणीस वर्षांत तिने हजारो पाठी पाहिल्या, पण स्नायूंकडे असं बघितलं नव्हतं. कुणी विचारायचंच नाही. सगळे बघायचे चकती, नस, हाड. मांस म्हणजे चित्राची चौकट. आज तिची नजर चौकटीवर गेली आणि तिथून हलेना.

गडद काही नव्हतंच. चिरेच्या खुणेखाली, वरपासून खालपर्यंत, हाडाला लागून सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात चार-दोन काळे धागे, विरलेल्या कापडात उरावेत तसे. वरच्या बाजूला, जिथे चीर पोचली नव्हती, तिथे मांस चांगलं होतं. तिने चित्र वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. कुणीतरी पट्टी ठेवून रेघ मारावी तशी हद्द होती.

आतून कुणी धरतच नाही, असं तो म्हणाला होता. धरायला कुणी राहिलंच नव्हतं.

मशीन थांबलं. तिने त्याला बाहेर ओढलं. तो हात चोळत उठून बसला. "काय दिसलं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," ती म्हणून गेली.

"अगं, नवरा आहे मी तुझा!" तो मोठ्याने हसला. ती खाली बसून त्याचे मोजे शोधत राहिली, समोरच पडलेले.

रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर एका अंधाऱ्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसायचे. दुपारी तिच्या हातात कागद आला तेव्हा त्यावर चारच ओळी होत्या. स्क्रू जागेवर. हाड जुळलेलं. नस मोकळी. नवीन दोष नाही. ती कागद घेऊन जिने चढून गेली.

"सर, स्नायूंबद्दल काही लिहिलं नाही."

त्यांनी चित्र पुन्हा उघडलं, चष्मा वर सरकवला. "हो, बरीच चरबी झाली आहे. उघडून केलेल्या ऑपरेशननंतर होतं असं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. लिहू का?"

"लिहा."

त्यांनी एक ओळ वाढवली. मग खुर्ची तिच्याकडे फिरवून, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, लिहून काय होणार आहे?"

नळीवाल्या डॉक्टरांनी मात्र ती ओळ वाचायच्या आधीच चित्र पाहिलं होतं. मशीनबाई एकटीच भेटायला गेली, मिस्त्रीला मुद्दाम घरी ठेवून.

"पाठ उभी धरतात ते वरून दिसणारे जाड स्नायू नव्हेत," डॉक्टर म्हणाल्या. "ते आत, हाडाला चिकटून असतात. बोटभर लांबीचे, या मणक्यावरून त्या मणक्यावर. उघडून करताना ते हाडावरून खरवडून सोडवावे लागतात आणि चार-चार तास आकड्यांनी ताणून धरावे लागतात. तेवढ्या वेळात त्यांचं रक्त अडतं, त्यांना जाणारी बारीक नसही तुटू शकते. काहींचे पुन्हा धरतात. काहींची अशी चरबी होते."

"आता तुम्ही नळीने काही..."

"नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नळी स्नायू वाचवते. गेलेले आणत नाही. पुन्हा आत शिरलं तर उरलेलेही जातील."

मशीनबाईने तरी विचारलंच. न विचारता ती त्या खोलीतून उठू शकली नसती. "तेव्हाच नळीने केलं असतं, तर?"

डॉक्टरांना थाप मारता आली असती, पण त्यांनी मारली नाही. "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. त्यांचं वय, त्यांचं काम, सगळं त्यात आलं. पण वाचले असते, बहुतेक. बरेचसे."

बहुतेक आणि बरेचसे. हे दोन शब्द घेऊन ती घरी आली.

मिस्त्री पलंगावर आडवा पडून छताकडे बघत होता. ती त्याच्या पायाशी बसली आणि सांगायला लागली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती कुणाला तरी चित्रातलं सांगत होती, त्यामुळे तिला कुठून सुरू करावं तेच कळेना. तिने वर्तमानपत्राच्या कडेला पाठीचा आडवा काप काढला, मणका काढला, दोन बाजूंना स्नायू काढले, आणि ते पेनने भरले. मग म्हणाली, "हे असं असतं. तुमच्यात हे भरलेलं नाही. पांढरं आहे." आणि शेजारी दुसरं चित्र काढून मोकळं ठेवलं.

तो बराच वेळ दोन्ही चित्रं बघत राहिला, एक डोळा बारीक करून, फरशी बघायचा तसा.

"म्हणजे मी आळशी नव्हतो," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं तो विचारेल, आता पुढे काय. विचारेल, नळीने केलं असतं तर? त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर ती वाटभर घोकत आली होती.

"नव्हता," ती म्हणाली.

"सहा वर्षं मला वाटत होतं की मीच कुठेतरी कमी पडतोय. रोज सकाळी ठरवायचो, आज वाकायचं नाही. रोज." त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "जावयाला सांगशील हे? चित्र काढून?"

"सांगेन."

"आणि पोरीला."

"अहो, आणखी एक आहे," ती म्हणाली. तेव्हा मोठ्या डॉक्टरांसमोर आपण काय बोललो ते तिने सांगितलं, जणू तो तिथे नव्हताच. नळीवाल्या डॉक्टर आज काय म्हणाल्या तेही सांगितलं. बहुतेक. बरेचसे. काहीच गाळलं नाही.

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. "मला आठवतंय," तो म्हणाला. "तेव्हा मला पायाशिवाय काही दिसत नव्हतं. तू आग लावून करा म्हणाली असतीस तरी हो म्हटलं असतं." एवढंच. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही. मागितली असती तर त्याने दिलीही असती, आणि मग ती कुठे ठेवायची हे तिला कळलं नसतं.

तिने जावयाला चित्र काढून दाखवलं. जावई चांगला माणूस, त्याने कान धरले. मुलगी रडली आणि दुसऱ्याच दिवशी एका व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता घेऊन आली. मिस्त्री आठ महिने नेमाने जात राहिला. ओणवं होऊन एक हात, एक पाय उचलायचा, पोट आत धरायचं, दहा आकडे मोजायचे. एकही दिवस चुकवला नाही. आळशी नव्हताच तो. आठ महिन्यांनी मोजलं तेव्हा तो पूर्वीपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त सरळ उभा राहू शकत होता. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आहे त्या धाग्यांतून हे निघालं, याहून जास्त निघेल असं वाटत नाही.

तळघरात मशीनबाईचं काम चालूच होतं. आता ती प्रत्येक पाठीची चौकट आधी बघायची. ती नजर एकदा लागली ती सुटेना. एक दिवस शाळेतल्या शिपायाचं काम करणारा एक उंच माणूस आला. मणका घसरलेला, ऑपरेशन ठरलेलं, वीतभर चिरेचं. त्याच्या पाठीतलं मांस गडद होतं, भरीव, पुस्तकातल्या चित्रासारखं. तो बाहेर आला, त्याने विचारलं, "काय दिसलं?" आणि तिने कामावर पहिल्यांदाच नियम मोडला.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," ती म्हणाली, आणि दार अर्धं लावून घेत भरभर पुढे बोलली, "पण नळीने होतं का, तेवढं विचारा. नळीवाल्या डॉक्टरांनाच विचारा. नक्की विचारा."

चार दिवसांनी तो जिना उतरून मुद्दाम तिला भेटायला आला. "विचारलं मॅडम. त्यांनी सगळं बघितलं. म्हणाल्या, तुमचा कणा खालपासून वरपर्यंत वाकडा झालाय, सगळाच सरळ करायचा तर उघडूनच करावं लागेल. नळीतून एवढं होत नाही. परवा आहे ऑपरेशन." तो हसला. "तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. आता मनात शंका नाही."

त्याच्या मनात शंका नव्हती. ती मान हलवत राहिली. तो गेल्यावर तिने रिकामं मशीन आतून पुसून घेतलं, पुसायची वेळ झाली नव्हती तरी.

घराजवळच्या चौकात एक मोठं दुकान होतं, ढकलगाडी घेऊन सामान भरायचं तसलं. मिस्त्रीने ते कसं शोधून काढलं ते तिला नंतर कळलं. तीन वाजता, जेव्हा तो घडी घातल्यासारखा वाकलेला असायचा, तेव्हा तो तिथे जायचा आणि एक ट्रॉली घ्यायचा. ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकले की पाठीचं अर्धं ओझं हातांवर जायचं आणि मान वर यायची. चाकांचा वॉकर घ्यायला तो तयार नव्हता, म्हणायचा तो म्हाताऱ्यांचा. ट्रॉली सगळेच ढकलतात. साबणाच्या रांगेतून डाळींच्या रांगेत, तिथून खेळण्यांच्या, तिथून कुत्र्यांच्या खाण्याच्या. घरात कुत्रं नव्हतं. तासभर तो माणसांसारखा चालायचा, समोर बघत, आणि शेवटी एक काडेपेटी घ्यायचा.

एका सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. दुकानातली फरशी त्याने तिला दाखवली. कुठे सांधा चुकलाय, कुठे पोट आलंय. तीही ट्रॉलीचं एक टोक धरून चालली. लोकांना वाटलं असेल, नवरा-बायको महिन्याचं सामान भरताहेत. बोलता बोलता त्याने तिच्याकडे मान वळवली, आणि कितीतरी वर्षांनी चालताना, उन्हात नाही तरी निदान दिव्यांच्या उजेडात, दोघांची नजर एका पातळीवर आली. तो काहीबाही सांगत होता. तिला ऐकू येत होतं, पण ती फक्त बघत होती.

मग दारापाशी आले. पलीकडे ट्रॉली न्यायची नाही अशी पाटी होती. तिथल्या पोरीने हसून हात पुढे केला, "द्या काका, मी लावते."

मिस्त्रीने दांड्यावरून एक हात काढला, मग दुसरा. त्याचे खांदे पुढे आले, पाठोपाठ कंबर. तिने पटकन आपला दंड पुढे केला. त्याने तो धरला, पण दंड म्हणजे काही दांडा नव्हे. तो तिच्याही अंगावरून खाली, खाली येत गेला. त्याच्या पाठीत बोटं रुतवायला तिचा हात सवयीने वर गेला होता. तो तिने तसाच हवेत आवरला आणि काडेपेटी त्याच्या खिशात ठेवली.

बाहेर ऊन होतं. घर सहाशे पावलांवर होतं. ती त्याच्या चपलांकडे बघत, त्याच्या चालीने चालू लागली.